घंटेला गोंडा

आमच्या शिरूरला रेल्वे नाही, म्हणूनच बहुधा आम्हाला तिचं कौतुक जास्त. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शिरूर-दौंडकडचे आम्ही आठ-नऊ जण महिन्याच्या एका रविवारी दौंडजवळच्या एका जुन्या दगडी स्टेशनाची निगा राखायला जायचो. झाडणं, खरवडणं, रंगवणं, पगार नाही. याद्या करणं माझ्याकडे होतं. घरच्यांच्या मते मला दुसरं काही येतच नव्हतं.

आमच्यातले आप्पा याच स्टेशनावरून निवृत्त झालेले. गाडी यायची झाली की पितळी घंटा वाजवणं हे त्यांचं तीस वर्षांचं काम. आता ती नुसतीच टांगलेली होती. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी कळवलं होतं, घंटा वाजती असेल तर जागेवर राहील, नाहीतर गोदामात जाईल. गोदामात गेलेली वस्तू परत आलेली आप्पांनी कधी पाहिली नव्हती. तेव्हापासून ते चहासुद्धा घंटेखाली उभं राहून पीत.

नेमकी त्या महिन्यात मी एका लग्नाला गेले आणि कामाची यादी तेवढी पाठवली. त्यात लिहिलं होतं: दारं, खिडक्या, बाक, घंटा – तेलरंग, दोन हात. मला घंटेची लाकडी चौकट म्हणायची होती. ओळीत मावेना म्हणून 'चौकट' गाळली.

तपासणीच्या आदल्या दिवशी गेले, तर घंटा हिरवीगार. आतून, बाहेरून, लोलकासकट. दोनाचे तीन हात दिले होते, प्रेमानं. आप्पांनी दोरी ओढली. गोणीवर काठी मारल्यासारखा आवाज आला. त्यांनी चष्मा लावून यादी पुन्हा वाचली आणि म्हणाले, "ताई, यादीत हाय." त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं.

कुणी रॉकेल सुचवलं, कुणी स्टोव्ह. तडा जाईल म्हणून आप्पांनी आगीला साफ नकार दिला. मग आमच्यातलेच वडगाव रासाईचे मामा पुढे झाले. पोळा तोंडावर आला होता आणि ते गावोगाव बैलांची शिंगं साळत, म्हणजे तासून गुळगुळीत करत, फिरत होते, त्यामुळे हत्यार पिशवीतच होतं.

"एकच शिंग हाय," ते घंटा मांडीवर घेत म्हणाले, "आन् लाथ बी मारत न्हाई."

दुपार टळेपर्यंत ते रंग तासत राहिले. आम्ही चिंच आणि राख घेऊन मागोमाग घासत होतो. घंटा टांगून झाल्यावर मामांनी पिशवीतून लाल गोंडा काढून तिला बांधला. हे यादीत नाही, मी म्हटलं.

"शिंगं साळल्यावर बैल उघडा सोडत्यात व्हय, ताई?"

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर आप्पांनी दोरी ओढली. आवाज इतका खणखणीत निघाला, की गाडी आली समजून चहावाला किटली घेऊन धावत फलाटावर आला. साहेबांनी गोंड्याकडे बोट दाखवलं.

"काढा म्हणाल तर काढतो, साहेब," आप्पा म्हणाले. "वाजंल तशीबी. पण रुसंल."

साहेबांच्या हातातही यादी होती. त्यांनी घंटेपुढे बरोबरची खूण केली आणि पुढे गेले.

मीही माझ्या यादीत कायमची ओळ घातली: घंटा – रंग नको, गोंडा, दर पोळ्याला नवा. आप्पांनी त्या दिवशी चहा बाकावर बसून घेतला.