विहिरीतल्या दुपारी

चाळिशी ओलांडल्यावर मी नोकरी सोडली आणि खानावळ काढली. त्याआधी बरीच वर्षं सावंगीला एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असायचे. मालक चांगले होते, काम अंगवळणी पडलं होतं, आणि नेमकं तेच मला सलायला लागलं होतं. चिठ्ठी वाचून होण्याआधीच हात बरोबर त्या खोक्याकडे जायचा. वाटायचं, आपलं उरलेलं आयुष्यही असंच, न बघता, हाताला सापडत जाणार.

आमच्या गल्लीत डॉक्टरकी शिकणारी मुलं-मुली भाड्याने राहतात. त्यांना घरच्यासारखं जेवण हवं असतं आणि मला स्वयंपाकाची आवड. पुढच्या खोलीत टेबलं मांडली, मागे गॅसची मोठी शेगडी बसवली. पहिल्याच महिन्यात खोली पुरेना. स्वतःचा धंदा म्हणजे स्वतःचा वेळ, असं मी सगळ्यांना सांगत फिरले होते. प्रत्यक्षात उजाडायच्या आधी पोह्यांची कढई चढायची आणि रात्रीची शेवटची ताटं घासून झाली की मी भिंतीला टेकून बसायचे.

एक दिवस माझे यजमान लसूण सोलून देत होते. ते इलेक्ट्रिशियन आहेत, कमी बोलतात. त्या दिवशी मान वर न करता म्हणाले, "तू दुकान काऊन सोडलं होतं?"

"स्वतःसाठी वेळ पाहिजे होता."

"मग तो कुठं ठेवला?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पुढचे काही दिवस पोळ्या लाटताना तोच प्रश्न डोक्यात राहिला. शेवटी मी नाश्ता बंद केला. हाताखाली येणाऱ्या बाईला धंद्यात भागीदार करून घेतलं आणि दुपारच्या जेवणानंतर दिवेलागणीपर्यंत दार लावून घ्यायचं ठरवलं. मुलांनी थोडी कुरकुर केली आणि मग तीही त्या वेळेला सरावली.

पण दुपार हातात आली तरी तिचं करायचं काय, हे मला कळतच नव्हतं. मी झोपायचे नाहीतर मोबाइल बघत पडायचे, आणि उठल्यावर आणखीच थकल्यासारखं वाटायचं.

संक्रांतीच्या सुमारास माझी मोठी नणंद तुरीच्या शेंगा घेऊन आली. आम्ही तिला ताई म्हणतो. ताई आंजीला दिलेली, साठी उलटलेली. शेती ती आणि तिचे यजमान मिळून बघतात, मुलं पुण्याला. माझ्या लेखी ताई म्हणजे लग्नकार्यात कोठीच्या खोलीच्या दाराशी बसणारी, मीठ-तेल मोजून देणारी बाई. मला पलंगावर लोळताना पाहून तिने विचारलं, "दुपारी काय करत असतं तू?"

"काई नाई, ताई."

"मग आंजीले येत जाय. आमच्या विहिरीत पोहू."

मला वाटलं, थट्टा करते आहे.

दोन दिवसांनी, थोडं कुतूहल आणि थोडा तिचा मान म्हणून, मी बसने गेले. त्यांच्या वावरात जुनी, दगडी, पायऱ्यांची विहीर आहे. भोवती तूर उभी होती, कापसाची शेवटची वेचणी चालली होती. ताई पंपाच्या खोलीत गेली आणि बाहेर आली ती यजमानांचा जुना शर्ट आणि पायजमा घालून, केसांचा घट्ट अंबाडा बांधून. मी काही बोलणार तेवढ्यात ती काठावरून पुढे झाली आणि दिसेनाशी झाली.

पाण्याचा आवाज आला. मी वाकून पाहिलं. खाली हिरवट अंधार होता आणि त्यात पांढरा शर्ट खोल खोल जात होता. मग तो थांबला, वळला आणि सावकाश वर येऊ लागला. ताईचं डोकं बाहेर आलं. ती उताणी झाली, हात पसरले आणि तशीच पडून राहिली. इतकी वर्षं मी जिला ओळखत होते ती बाई ही नव्हतीच. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कुठे गेल्या होत्या कोण जाणे. काठावर तिचे यजमान दोर घेऊन बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "मले नाई येत पोहता. मी फक्त पाह्यतो."

नंतर पायरीवर बसून डोकं पुसताना तिने सांगितलं. माहेरी ती भावांबरोबर पोहायला शिकली होती, त्यांच्याहून चांगली पोहायची. लग्न झालं आणि ते तिथेच राहिलं. पुढे मुलं आपापल्या मार्गाला लागल्यावर एका उन्हाळ्यात मोटर बघायला म्हणून ती पायऱ्या उतरली आणि पाण्यात पाय घालून बसली. "पायालेच आठवलं सगळं," ती म्हणाली. "मी नुसती त्यायच्या मागं गेली."

मला शिकायला फार वेळ लागला. पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधून, कमरेला दोर लावून मी उतरायचे. दोराचं दुसरं टोक ताईच्या यजमानांच्या हातात. नाकातोंडात पाणी जायचं. पहिल्या दिवसापासून नवल वाटलं ते पाण्याच्या उबेचं. वर थंडीने अंग काकडायचं आणि विहिरीचं पाणी मात्र उबदार, जणू कुणीतरी आपल्यासाठी तापवून ठेवलेलं. तरी मी धडपडायचे, हात आपटायचे.

"त्याले काऊन मारून राह्यली?" ताई शेजारून म्हणायची. "पाणी तुले धरूनच राह्यलं ना. तू धरू नको त्याले."

मला ते कळायचं नाही. होळीच्या जवळपास एका दुपारी डबे सोडले होते, दोर ढिला होता. मी दमून हातपाय मारायचं थांबवलं आणि बुडायची वाट बघत राहिले. बुडाले नाही. कान पाण्याखाली गेले, सगळे आवाज मिटले आणि वर विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ दिसलं. त्यातून एक पोपट उडत गेला. माझं सगळं वजन, भरलेली पातेली उचलणारे खांदे, तासन् तास उभे राहणारे पाय, काहीच माझ्याकडे नव्हतं. मी रडत होते हे मला पाण्यात कळलंही नाही, पण ताईला कळलं. ती माझ्या शेजारी येऊन तशीच उताणी पडून राहिली.

मग मी जाणं सोडलंच नाही. शेजारच्या वावरातल्या दोघी-तिघी आधी बघायला आल्या, नंतर उतरल्या. आम्ही पितळी गडू तळाशी टाकायचो आणि बुडी मारून कोण आणतं ते बघायचो. हरणारीने सगळ्यांसाठी चहा करायचा. पोरींसारखं पाणी उडवायचो, रुसायचो, पुन्हा खेळायचो. संध्याकाळी खानावळीत परतले की हात हलके चालायचे. भाजीला काय नवीन करावं, हे मला विहिरीतच सुचायचं.

त्याच सुमारास एका वसतिगृहाचं सगळं जेवण देण्याचं काम माझ्याकडे चालून आलं. मोठं काम होतं. दुपार त्यात गेलीच असती. भागीदार बाई म्हणाली, "तुम्ही म्हणसान तसं." मी यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "तुले किती मोठं व्हायचं आहे, ते तू ठरव." मी काम नाकारलं. आपलं काही चुकलं तर नाही ना, ही धाकधूक बरेच दिवस होती. खोटं कशाला सांगू, अजूनही कधी कधी असते.

पुढच्या दिवाळीनंतर ताई म्हणाली, "विहिरीत किती दिवस गोल फिरशीन? धाम पार करू."

पवनारच्या पुढे एके ठिकाणी धाम नदी रुंद होते आणि पाणी संथ असतं. आम्ही ओळखीच्या कोळ्याला त्याचा डोंगा घेऊन बरोबर यायला सांगितलं. ताईचे यजमान डोंग्यात बसले. पलीकडच्या काठावर माझे यजमान टॉवेल घेऊन उभे होते, फार लहान दिसत होते.

निम्म्यापर्यंत ठीक होतं. मग मी खाली पाहिलं. विहिरीला भिंत असते, कुठेही गेलं तरी दगड हाताला लागतो. इथे काहीच नव्हतं. श्वास अडकला, पाय जड झाले. डोंगा जवळच होता. मी त्याच्याकडे हात केला.

ताई माझ्या बाजूला आली. तिने मला धरलं नाही. अगदी ओट्याशी उभी असल्यासारखी तिने विचारलं, "आज रात्री भाजी काय करून राह्यली?"

"वांगी," कशीबशी म्हणाले.

"भरलेली का रस्सा?"

"भरलेली."

"शेंगदाण्याचं कूट करून ठेवलं का?"

"नाई."

"मग लवकर चाल. पोरं वाट पाह्यतीन."

मला हसू आलं. हसताना श्वास मोकळा झाला. मी उताणी झाले, पाण्यावर पडून राहिले. या वेळी आभाळाला काठ नव्हता. वर बगळ्यांची रांग, खाली माझी पाठ धरून असलेली अख्खी नदी, आणि मध्ये मी, वांग्यांच्या मसाल्याचा विचार करत. जग इतकं मोठं आहे आणि त्यात मला इतकी जागा आहे, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. मी कुशीवर वळले आणि ताईच्या मागोमाग हात मारू लागले.

पायाला चिखल लागला. यजमान चपलांसकट पाण्यात आले. त्यांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि तो सारखा करायचं विसरून नुसते बघत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई," ते म्हणाले. "तू तिकडून आली."

ताई तोवर एका खडकावर बसून अंबाडा सोडत होती. नदीकडे पाहत ती म्हणाली, "आता परत कसं जायचं? डोंग्यात, का जशे आलो तशे?"

मी टॉवेल यजमानांच्या हातात दिला.