वरातीची घोडी शर्यतीत

घोड्यांच्या शर्यती बघायला मी आयुष्यात एकदाच गेलो. एकदाच पुरे झालं.

मला नेलं भवानी पेठेतल्या घोडीवाल्या मामानं. मामा नात्यातला नव्हे. सगळी पेठ त्याला मामा म्हणते, म्हणून मीही. माझ्या मुलाची वरात त्याच्याच पांढऱ्या घोडीवरून निघाली होती. हलगीनं ठेका धरला की ती पुढचे पाय उचलून अशी नाचायची, की नवरदेवाकडे कुणी बघेना. पण आता आमच्या जुळे सोलापुरातले नवरदेव उघड्या जीपमधून येतात. घोडीला काम उरलं नाही आणि कडबा काही फुकट मिळत नाही. जनावरांचा व्यापारी दोनदा येऊन तिचे दात बघून गेला होता. तो नेतो त्या जनावरांचं पुढं काय होतं, हे मामाला पक्कं माहीत होतं.

म्हणून त्यानं तिला शर्यतीच्या गाडीला जुंपायला सुरुवात केली. शहराबाहेरच्या एका गावात जत्रेला संध्याकाळच्या घोडागाडी शर्यती होत्या. अक्कलकोटकडचा घोड्यांचा एक शौकीन तिथं येणार होता. घोडी पहिल्या तिनात आली तर तो तिला आपल्या तबेल्यात ठेवून घेणार होता.

"साहेब, तुमीबी चला की. आपलं म्हनावं असं एक मानूस पायजे संगट," मामा म्हणाला.

मी गेलो. खोटं कशाला बोलू, मला घोडीपेक्षा जत्रेतल्या गरम भज्यांचा मोह जास्त होता.

पोचलो तेव्हा माळावर दिवे लागले होते. मामा घोडीच्या कानांत कापसाचे बोळे कोंबत होता. मी थट्टा केली, "काय मामा, सर्दी झाली का हिला?"

शेजारीच तो शौकीन उभा होता. मामानं त्याच्याकडे चोरून पाहिलं आणि म्हणाला, "धुरळा लई हाय हितं." मला वाटलं, असेल. घोड्यातलं मला काय कळतं!

चार गाड्या सुटल्या. मी भज्यांचा पुडा घेऊन शेवटच्या रेषेजवळ उभा होतो. तिथली रीत अशी, की आपली गाडी जवळ आली की हलगीवाल्याच्या हातात नोट ठेवायची आणि तिच्या नावानं वाजवून घ्यायचं. आजूबाजूचे सगळे तेच करत होते. धुरळ्यातून पांढरी घोडी दिसली आणि मी भजी विसरलो. दुसरी होती ती! मामा गाडीत अर्धा उभा राहून ओरडत होता. मीही घसा फुटेस्तोवर ओरडलो आणि खिशातली नोट हलगीवाल्याच्या हातात कोंबली. "पांढरीसाठी वाजव! जोरात वाजव!"

तो पठ्ठ्या थेट रेषेच्या कडेला जाऊन वाजवायला लागला.

घोडीनं एक कान टवकारला. तिचा वेग मोडला. मग मान बाकदार करून तिनं पुढचे पाय उचलले आणि ती नाचायला लागली. मागच्या दोन्ही गाड्या तिच्या बाजूनं निघून गेल्या. माळ खदाखदा हसला. तो शौकीनही हसला आणि आपल्या मोटारीकडे चालू लागला. मामा लगाम सैल सोडून नुसता बसून राहिला.

ज्या घोडीला मी हलगीवर नाचताना पाहिलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या, तिच्यासाठी मीच हलगी वाजवायला लावली. अक्कल गहाण टाकली होती मी त्या दिवशी. मला माझी शरम वाटली, आणि भीतीही वाटली की मामाला हे कळेल. तेवढ्यात हलगीवाला जवळ आला. "साहेब, आजून वाजवू का?"

परतताना टेम्पोत मी आणि मामा घोडीजवळच बसलो होतो. त्याच्या तळहातावर कापसाचा एकच बोळा होता.

"दुसरा पडला कुटंतरी," तो म्हणाला. "नीट बसवला न्हाय मी. त्या मानसाम्होरं वरातीची घोडी हाय म्हनून बोलायची लाज वाटली, तुमालाबी सांगितलं न्हाय. माझंच चुकलं, साहेब."

खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं.

"होतं असं कधीकधी," मी म्हटलं.

पंधरा दिवसांत व्यापारी घोडी घेऊन गेला. मामा अजून नव्या पेठेत भेटतो आणि दर वेळी त्या बोळ्यावरच येतो. परवा म्हणाला, "वरनं फडकं बांधाया पायजे हुतं, न्हाय का?"

मी म्हटलं, "हो मामा, बांधायला हवं होतं."