ऊन उतरेपर्यंत

२०२४ सालचा ऑक्टोबर. पाऊस परत गेला होता आणि ऊन चटके देत होतं. तोवर कर्नलसाहेबांचे एवढे किस्से जमले होते, की गेटसमोरच्या टपरीवर लोक मला चहा पाजून ते ऐकायचे. एक सांगितला की दुसरा आपोआप निघायचा. मी त्यांच्याच पलटणीतला हवालदार, शिक्षण सातवी. साहेब रिटायर होऊन लोणी काळभोरजवळच्या एका कॉलेजचे डायरेक्टर झाले आणि मला गेटवर बोलावून घेतलं.

*

पहिल्याच आठवड्यात हुकूम सुटला. आठ वाजता गेट बंद. दुसऱ्या दिवशी गेट बंद केलं आणि संस्थेच्या अध्यक्षांची गाडी आली. हॉर्नवर हॉर्न. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब गेटपाशी गेले आणि अदबीने म्हणाले, "आपण उद्या वेळेवर या."

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष माझ्याही आधी हजर!

*

पलटणीत ऑफिसर शेवटी जेवतो. साहेब इथेही मेसच्या रांगेत शेवटी उभे राहायला लागले. मग प्राध्यापकांना पुढे जायची लाज वाटू लागली. तेही मागे. सगळे एकमेकांना "आधी आपण" म्हणत राहिले आणि त्यांचा नंबर लागेपर्यंत डाळ संपली.

एक जण कुरकुरला. साहेब म्हणाले, "मागची मुलं रोज असंच जेवतात. आज कळलं ना?"

त्या दिवसापासून डाळ पुरायला लागली.

*

मग विधानसभेच्या निवडणुकीसाठी एका पक्षाचे लोक आले. त्यांना स्वच्छ उमेदवार पाहिजे होता. साहेब राहायला विश्रांतवाडीला, तिकडेच घरोघरी फिरू लागले. चालायचे असे, की कार्यकर्ते दोन गल्ल्या मागे. एका दारात साहेब एकटेच जाऊन उभे राहिले. आतून म्हातारी म्हणाली, "काय विकताय?"

साहेब म्हणाले, "अजून तरी काही नाही, आजी."

टपरीवर हा सगळ्यात जास्त चालायचा. मीही हसायचो.

*

साहेबांना हात जोडता येत नसत. माणूस दिसला की उजवा हात कपाळाकडे जायचा. पक्षाचा एक पोरगेला पदाधिकारी ऑफिसात येऊन शिकवू लागला. "साहेब, मान अजून वाकवा. मतं खालीच पडलेली असतात."

साहेबांनी आरशासमोर मान वाकवली. मी दारात होतो. मी तोंड फिरवलं. हा किस्सा मी टपरीवर सांगितला नाही.

*

तिकीट ज्यांच्या हातात, ते नेते कॉलेजला भेट देणार होते. वेळ अकराची. साहेबांनी तास बंद करून मुलांना मैदानात रांगेत उभं केलं. नेत्यांचा पत्ता नाही. ऊन डोक्यावर आलं. सावली नाही, पाणी नाही. यवतमाळहून आलेली एक मुलगी रांगेतून म्हणाली, "सर, थोडं बसू का?"

साहेबांची नजर रस्त्यावर. म्हणाले, "उभी राहा."

थोड्या वेळाने ती तोंडावर पडली. हनुवटी फुटली. तिला उचलून नेलं, आणि रांग तशीच ठेवली. दुपार कलल्यावर नेते आले. काच खाली करून म्हणाले, "काय शिस्त आहे!"

साहेबांनी हात जोडले. मान बरोबर वाकली होती.

माझी मान तर वर होईना. या माणसाचे किस्से सांगून मी लोकांचा चहा प्यायलो होतो.

*

दुसऱ्या दिवशी अकराला पक्ष कार्यालयात तिकिटासाठी मुलाखत. जो येणार नाही, तो कटला. गाडी चालू होती. साहेब गळ्यात पक्षाचं उपरणं घालून बसणार, एवढ्यात ती मुलगी आली. हनुवटीला टाके. तक्रार नव्हती.

"सर, काल आम्ही मैदानात होतो. तासाची हजेरी लागेल ना? कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत."

नियम साहेबांचाच होता.

"लागेल," साहेब म्हणाले.

त्यांनी उपरणं काढून सीटवर ठेवलं, फोन माझ्या हातात दिला आणि मैदानात गेले. ती काल जिथे पडली, तिथे सावधान उभे राहिले.

फोन वाजत होता. ड्रायव्हर म्हणाला, "काका, पार्टी ऑफिस हाय, साहेबांना द्या की." मी दिला नाही. वर्गांच्या खिडक्या मुलांनी भरल्या. फोन वाजायचा थांबला. साहेबांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला.

ती मुलगी पाण्याची बाटली घेऊन मैदानात गेली. "सर, आता बसा."

"अजून नाही."

काल नेते ज्या वेळेला आले, ती वेळ झाली. मग साहेब खाली बसले. तिथेच, मातीत.