मोरीत ओतलेलं औषध

वहिनी शिराळ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन माधवनगरला आमच्या चाळीत आली, तेव्हा तिच्या गालांवर तुकतुकी होती. माझा थोरला भाऊ तिथल्या कापडगिरणीत मागावर कामाला होता. लढाईचे दिवस, रेशनचं धान्य पुरत नसे. आधी दादा जेवायचा, मग आई आणि मी, आणि सगळ्यांच्या मागून वहिनी. तिला बहुतेक वेळा भाकरी आणि कालवणाचं पाणी उरायचं. सगळ्यांच्याच घरी तसं होतं.

पहिलं मूल दगावलं. दुसरा मुलगा अंगावर पीत होता तोवरच तिला पुन्हा दिवस गेले. शेजारणी म्हणायच्या, सून गोरी झाली. ते गोरेपण नव्हतं. ओठ, हिरड्या, तळहात मेणासारखे फिके पडले होते. नखं मधे खोलगट झाली होती. चुलीच्या मातीचे पोपडे काढून ती गुपचूप खायची. आई म्हणे, डोहाळे आहेत. विहिरीवरून येताना तिला मधेच टेकावं लागे. एकदा माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, जरा बसूया. कानात सारखी गिरणी चालल्यागत वाटतंय."

आई तिला आळशी म्हणायची. पण एका सकाळी ती भरल्या कळशीसकट दारात कोसळली, तेव्हा दादा खाडा करून तिला सांगलीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. सोबतीला मी होते. बाईंनी तिची पापणी खाली ओढली आणि दादाला दाखवली. आत लाली नव्हतीच.

"ही आळशी नाही," बाई म्हणाल्या. "हिच्या अंगात रक्तच उरलेलं नाही. बाळंतपणात थोडं गेलं तरी हिला सोसायचं नाही."

मग आम्हाला बाहेर बसवून त्या वहिनीशी काही बोलल्या. लोहाचं औषध दिलं, पालेभाजी आणि गूळ खायला सांगितलं.

औषध लागू पडत होतं. वहिनीला दम लागणं कमी झालं, ती मुलाला कडेवर घेऊन फिरू लागली. पण एकदा दोघी शेताकडे परसाकडला गेल्यावर आईनं पाहिलं, वहिनीला काळी शी होत होती. आई घाबरली. पोटात काहीतरी सडतंय असं तिला वाटलं. घरी येताच तिनं बाटली मोरीत ओतली. दादा संध्याकाळी कामावरून आल्यावर म्हणाली, "औषध न्हवं, इख हाय त्ये. माझी सून मला जड झाली न्हाई."

लोहानं शी काळी होते, त्याला भिऊ नका, हेच बाईंनी वहिनीला आत सांगितलं होतं. पण असली गोष्ट सासूपुढं आणि नवऱ्यापुढं बोलायची कशी? तिनं ती मला सांगितली आणि मी आईला. आईनं ऐकून घेतलं नाही. दादानंही दुसरी बाटली आणली नाही.

वहिनी भर दुपारी घरीच बाळंत झाली. मुलगी झाली. सुईण म्हणाली, रक्त काही फार गेलं नाही, याहून जास्त जाऊन बाया उठून बसल्यात. वहिनीनं पाणी मागितलं. तिच्या गळ्याची शीर भराभर उडत होती. आई तिचे तळपाय चोळत राहिली, आणि चोळता चोळताच ते गार पडले.

शेजारच्या जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या बायकोनं, मुसलमानाच्या लेकीनं, आमच्या मुलीला आपल्या मुलाबरोबर पाजलं. थोडी मोठी झाल्यावर दादा तिला त्याच डॉक्टरीणबाईंकडे दाखवायला घेऊन गेला. या खेपेला आईही आली. बाईंनी वहिनीची चौकशी केली. दादानं सगळं सांगितलं, औषध ओतल्याचंही. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी आईला जवळ बसवून शी काळी का होते ते समजावलं. आई तोंडाला पदर लावून ऐकत होती.

"मला कुणी नीट का न्हाई सांगितलं?" एवढंच तिनं विचारलं.

घरी आल्यावर आई भिंतीला टेकून बसली. दादानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिनं घेतला नाही. स्वयंपाक मी केला.