धोतर कुणाचं फाटलं?

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघांनी पाणी गाळलं. रोजचंच काम. मी घागर तिरकी करायची, तिनं हंड्याच्या तोंडावर फडकं ताणून धरायचं. झाल्यावर तिनं फडकं उजेडाकडं धरलं.

"भोक पडलंय. उद्या तुमचं नवं धोतर फाडते."

"हात तर लाव."

"लावते की. तुमाला इचारतंय कोण?"

माझी कारभारीण अशी. दारात नळ येऊन कैक वर्षं झाली, तरी हिच्या फडक्यातून गेल्याशिवाय पाणी कुणाच्या घशात जात नसे. पाहुणा उंबऱ्यात आला की रामराम राहायचा बाजूला, ही आतून ओरडायची, "आवं, गाळलेलंच द्या!" असं माणूस तुमच्याही घरात असेल. पण आमच्या हिनं म्हशीच्या घमेल्यावरसुद्धा फडकं धरलेलं मी पाहिलंय. म्हैस माझ्याकडं बघायची, मी म्हशीकडं.

ह्या खुळाला कारण माझा पाय. वडूजच्या अंगाला आमचं गाव. तेव्हा सगळं गाव एका पायऱ्यांच्या विहिरीवर. दर साली ऐन पेरणीच्या तोंडाला माझ्या नडगीतून नारू निघायचा. दोऱ्यासारखा लांब किडा. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा; तुटला की पाय भोपळ्यासारखा सुजायचा. मी बाजेवर आणि पेरायची पाभर हिच्या हातात. बाजेवरनं मी सूचना केल्या की म्हणायची, "तुमी तुमची काडी सांभाळा."

दुष्काळ सरला आणि जीपगाडीतून तिघं आले. एक डॉक्टर, एक इंजिनियर आणि शहरातल्या एक बाई, त्या नुसतं विचारायच्या. तिघं मिळून नारूचा अभ्यास करणार होते, आणि तिघांचं एकमत कशावर नव्हतं. डॉक्टर म्हणाला, पायातला किडा पाण्यात पिल्लं सोडतो, तेच पाणी तुम्ही पिता. दाट कापड दुहेरी करून गाळा. इंजिनियर म्हणाला, पायऱ्याच बुजवा, रहाट लावा, म्हणजे पाण्यात पायच जाणार नाही. बाई म्हणाल्या, आधी बायकांना विचारा.

विचारलं आणि फसले. आमची ही पदर खोचून पायरीवरच बसली.

"बुजवा की! पर आमी बोलायचं कुठं? घरात सासू, रानात सासरा. ही एकच जागा हाय."

इंजिनियर हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला तिथंच झापला. डॉक्टर मध्ये पडला, त्यालाही झापला. शेवटी ठरलं, पायऱ्यांचे वरचे चिरे काढायचे आणि त्याच चिऱ्यांचा रहाटाशेजारी कट्टा बांधायचा, बायकांना बसायला. तेव्हा कुठं ही उठली.

राहिलं कापड. घरात दाट कापड एकच, माझं लग्नाकार्याचं धोतर. पुतण्याच्या लग्नात नेसायला काढलं तर गुडघ्याशी संपलं. त्या वरातीत नवरदेवाकडं कुणी बघितलं नाही.

साल सरलं. पेरणी जवळ आली तशी ही रोज सकाळी माझी नडगी चाचपायला लागली, म्हशीची कास चाचपावी तशी. पाऊस झाला, वाफसा आला, नारू काही निघाला नाही. मी पाभर धरली आणि ही बांधावर बसून सूचना करायला लागली.

तिघं परत आले ते भांडतच. गुण रहाटाचा, कापडाचा की कट्ट्याचा? चहा गाळता गाळता ही म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. धोतर कुणाचं फाटलं?"

तिघं खो खो हसले. मीही हसलो. मग हळूच मला म्हणाली, "आन् पाय कुणाचा ऱ्हायला?"

त्या भोक पडलेल्या फडक्याच्या रात्रीच ती झोपेत गेली. दिवस उजाडल्यावर तिला पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. मातीला आलेली लेक म्हणाली, "आबा, नळाचंच हाय, तसंच भरू द्या."

मी पेटीतलं नवं धोतर काढलं. काठ दातानं तोडला आणि टर्रकन फाडलं. दुहेरी घडी करून हंड्यावर ताणून धरली, तर दोन्ही हात फडक्यातच अडकले. घागर तशीच शेजारी. लेक पुढं झाली, तिला म्हणालो, "ऱ्हाऊ दे."

सुतळी आणून फडकं हंड्याच्या गळ्याला आवळून बांधलं आणि घागर तिरकी केली.