रावजींचा निवृत्ती-सत्कार

प्रिय मुलांनो,

तुम्ही तिकडे कुत्रा घेतलात आणि त्याच्यासोबत त्याच्या पाच पिढ्यांचा कागदही मिळाला, हे वाचून मला हसू आलं. आपल्याकडे असं काही होतं का, असं तुम्ही विचारलंत. होतं, आणि ते पाहिलेली मी आता एकटीच उरले आहे, म्हणून लगेच लिहायला बसले. तुमच्या आजोबांचे मामा हे गोत्र पाहून कुत्र्यांची सोयरीक जुळवणारे अख्ख्या कोकणातले एकमेव गृहस्थ होते.

संस्थानं विलीन झाली तेव्हा मामा एका लहानशा संस्थानाच्या शिकारखान्यात नोकरीला होते. तिथली लांब तोंडाची, सडपातळ कारवानी कुत्री ज्याने त्याने वाटून नेली. मामा एक जोडी घेऊन दिवेआगरला आपल्या सुपारीच्या वाडीत परतले आणि ही जात मिसळू द्यायची नाही, टिकवायची, हे एकच वेड घेऊन बसले. जोडीतला नर म्हणजे रावजी. त्याला घरात अहोजाहो होतं आणि 'कुत्रा' हा शब्द फक्त माणसांना उद्देशून वापरायचा, असा नियम होता. हरिहरेश्वराहून एकजण आपली मादी घेऊन आला, तेव्हा मामांनी वही उघडून तिचं आजोळ विचारलं आणि म्हणाले, "रावजींची नात लागते. परत न्या!" पिल्लू ज्याच्या घरी जाई, तो मामांचा व्याही होई. मासळी सुकवणाऱ्या एका कोळणीला ते भर बाजारात "काय विहीणबाई?" म्हणत, आणि मामी पदर तोंडावर घेत.

वंशावळीची वही मी इंग्रजीत लिहायची, कारण मामांच्या मते सरकारला अजून तीच भाषा ऐकू येत होती. मी त्या घरात नवी भाचेसून, लग्नानंतर आम्ही मामांकडेच राहत होतो. मला ते काम फार आवडे.

रावजी म्हातारे झाले, तेव्हा मामांनी ठरवलं की त्यांना रीतसर निवृत्त करायचं. "जन्मभर एक दिवस रजा घेतली नाही," ते म्हणाले, "शाल-नारळ नको?" पण त्याच आठवड्यात गावात एक पिसाळलेलं कुत्रं शिरलं आणि एका वासराला चावून गेलं. पंचायतीने ठरवलं, सोमवारपासून गावातली सगळी कुत्री मारायची. गुरांच्या डॉक्टरांनी लेखी दिलं तेवढीच सोडायची. वाडीत नऊ कारवानी होती. ती गेली की आमची वही तिथेच संपणार होती. मामा जेवेनासे झाले. मग एकदम मला म्हणाले, "सूनबाई, माणगावच्या डॉक्टरांना पत्र लिहा. रविवारी सत्काराचे पाहुणे म्हणून बोलवा." मी नियम पाळून लिहिलं, 'आमच्या घराण्याचे मूळपुरुष रावजी निवृत्त होत आहेत.'

रविवारी दुपारी डॉक्टर एस.टी.ने आले, हातात भाषणाचा कागद घेऊन. अंगणात व्याहीमंडळी बसली होती, सरपंच कोपऱ्यात उभे होते, आणि खुर्चीवर, कपाळाला गंध लावून, रावजी होते.

"सत्कारमूर्ती कुठे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"आपल्या पुढ्यातच," मामा म्हणाले.

डॉक्टरांचा चेहरा तांबडा झाला. ते छत्री उचलणार, तेवढ्यात कोळीण ओरडली, "मामानू, ह्यो पानी न्हाय पीत! सकालधरनं बगते मी!"

पिसाळलेलं कुत्रं पाण्याला तोंड लावत नाही, हे अंगणात सगळ्यांना माहीत होतं. रावजींसमोर मामांनी चांदीचं भांडं भरून ठेवलं होतं आणि रावजी मान फिरवून बसले होते. तोंडाला थोडी लाळही होती. सरपंच हळूच म्हणाले, "मामा, बाजूला व्हा." कोणीतरी काठी उचलली. मामा खुर्चीपुढे हात पसरून उभे राहिले.

तेव्हा मामी, ज्या पुरुषांपुढे कधी बोलत नसत, ओटीवरून कडाडल्या, "अहो, चांदीत कसले पितायत ते! जन्मभर विरीत प्यायलेत!" आणि वाडीत पडलेली सुपारीच्या झावळीच्या बुडाची एक रुंद विरी उचलून, दुमडून तिचा द्रोण करून, त्यांनी त्यात पाणी ओतलं. रावजींनी वास घेतला. मग ते खाली उतरले आणि लपलप करत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

"एवढ्यावर मी लिहून देणार नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी छत्री ठेवली, बाह्या सरसावल्या आणि रावजींसकट नऊही जणांना नाकापासून शेपटीपर्यंत तपासलं. कुठे चावा नव्हता. दहा दिवस बांधून ठेवायचं, या अटीवर त्यांनी कागद लिहिला. नंतर शाल उचलून विचारलं, "हे यांनाच ना?" आणि भाषणाचा एकही शब्द न बदलता त्यांनी ते वाचलं: कर्तव्यनिष्ठ, मितभाषी, मोठ्या कुटुंबाचा आधार. मामा डोळे पुसत होते. हसावं की नाही, हे आम्हाला कळेना.

पुढच्या थंडीत रावजी गेले. मामांनी नंतर सत्कार केला नाही कुणाचाच. संध्याकाळी त्या रिकाम्या खुर्चीशेजारी ओटीवर बसत, एवढंच. मग मामाही गेले, वाडी विकली गेली, वहीची पुढची पानं कुणी भरली नाहीत.

माणगावजवळ एका शेतकऱ्याकडे रावजींच्या वंशातली एक मादी आहे. गेल्या महिन्यात मी तिला पाहून आले. तिला चार पिल्लं आहेत.