सिस्टरकडची बेल

कुवेतच्या सालमिया भागातल्या आमच्या इमारतीत सिस्टरला कुणी सल्ला विचारत नसे, कारण ती न विचारताच द्यायची. इस्पितळात नर्स, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणायचे. तिचा नवरा शहराबाहेर अम्गऱ्यात गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या गोदामात कामाला. मितभाषी माणूस, त्याचं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं, तो नुसता सिस्टरचा मिस्टर. बाई परभणीची. लिफ्टमध्ये चार परक्या माणसांदेखत माझ्या पोटाकडे बघून, 'भाऊजी, कितवा महिना?' असं विचारणारी. मी समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचो, त्यामुळे असले आहेर मला रोज मिळत.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, तेव्हा तिने देशातल्या एका अनाथाश्रमातून मूल घ्यायचं ठरवलं. इमारतीतल्या बायकांना वाटलं, तान्हं बाळ आणेल. सिस्टर म्हणाली, 'मला नाइट ड्यूट्या असतात. लंगोट कोण बदलणार? मला चालतं-बोलतं पायजे.' तळमजल्यावरच्या काकूंनी, कुणाचं रक्त असतं कोण जाणे, असा सूर लावला. सिस्टरने तिथल्या तिथे निकाल लावला, 'रक्त मी रोज काढते, काकू. सगळ्यांचं लालच निघतं.' काकू पुढे बरेच दिवस तिला बघून तोंड फिरवत.

मागितली एक, आल्या दोन. पूजा आठ वर्षांची, दिव्या पाचची. सख्ख्या बहिणी. संस्था त्यांची ताटातूट करायला तयार नव्हती आणि दोघींना एकदम घ्यायला कुणी तयार नव्हतं. सिस्टर म्हणाली, द्या मग दोघी. कागदपत्रांपायी तिचे जे हाल झाले ते सांगत बसत नाही; कुवेतमध्ये राहणाऱ्याला ते पाठ आहेत आणि न राहणाऱ्याला खरे वाटायचे नाहीत.

मुली इतक्या शहाण्या की बघणाऱ्याला भीती वाटावी. पाणी प्यायचं तरी परवानगी मागायच्या. आणि दाराची बेल वाजली की हातातलं टाकून धावत यायच्या, केस सारखे करून दारासमोर ओळीत उभ्या राहायच्या आणि हात जोडून स्वागतगीत म्हणायच्या. सगळी कडवी. एकदा खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, पाण्याच्या बाटल्या पोचवायला आलेल्या बांगलादेशी माणसाला त्यांनी अख्खं गाणं ऐकवलं. तो बिचारा बाटल्या खाली ठेवून, छातीवर हात धरून ताठ उभा! माझ्या दारातून हे बघून मला हसू आवरेना. सिस्टर मात्र हसली नाही. 'दात काय काढायलाव, भाऊजी?' ती म्हणाली. 'तिकडं बेल वाजली की कुणीतरी लेकरू निवडायला यायचं. ह्या अजून नंबर लावून उभ्या आहेत.' माझं हसू कुठच्या कुठे पळालं.

तिने मुलींना समजावून पाहिलं, चॉकलेटं दिली, दटावलं. काही उपयोग नाही. मग तिने तिच्या पद्धतीचा इलाज काढला. बेल वाजली की स्वतःच ओळीत तिसरी उभी राहून गाऊ लागली. आवाज असा की ऐकणाऱ्याने कान झाकावेत. मिस्टरलाही बनियनवर चौथा उभा केला. माझी बायको एकदा कढीपत्ता मागायला गेली आणि पूर्ण समूहगान ऐकून आली. मुली खुदखुदायच्या, पण ओळ काही मोडली नाही.

मूल घेतलं की ते नीट रुळलंय का, हे बघायला संस्थेच्या वतीने घरी एक बाई येतात. त्या दिवशी सिस्टरने धीर म्हणून आम्हा दोघांना बोलावून घेतलं होतं. बाई सोफ्यावर टेकतात न टेकतात तोच पूजाने आतून एक पिशवी आणून दाराशी ठेवली. दोघींचे फ्रॉक, नीट घड्या घालून. मग ती बाईंसमोर येऊन हळूच म्हणाली, 'परत नेताना आम्हाला एकत्रच न्या. दिव्या रडली तर मी गप्प करते.'

सिस्टर ताडकन उठली.

'ए शहाणे, ह्या बाई मला तपासायला आल्यात, तुला नाही. नापास कुणी झालंच तर मी नि तुझा बाप होणार. तुम्ही दोघी कवाच पास झालाव. ठेव ती पिशवी आत.'

एवढं बोलून तिने त्या बाईंसमोरच भोकाड पसरलं. बाईंनीही पदर डोळ्याला लावला. मिस्टर चहा टाकायला आत पळाला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही.

पुढल्या वर्षी माझी नोकरी संपली आणि आम्ही कायमचे पुण्याला निघालो. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला म्हणून मी सिस्टरकडची बेल दाबली. कुणी आलं नाही. आत टीव्ही मोठ्याने चालू होता. पुन्हा दाबली, तेव्हा कुठे सिस्टरने दार उघडलं. हात कणकेचे, डोळे भरलेले. मला वाटलं, आपण चाललो म्हणून बाईला भरून आलं. कसलं काय! ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

'बघायलाव का, भाऊजी?' ती कुजबुजली. 'दोघी सोफ्यावर लोळायल्यात. एक बी उठंना.'

मी मुद्दाम आणखी एकदा बेल दाबली.

आतून पूजा वैतागून ओरडली, 'आई, कोण आहे गं ते? जा म्हणावं!'